बाळाची चाहूल

जयपूरच्या जंतरमंतरात सवाई जयसिंह महाराजांनी अठराव्या शतकात उभारलेले सम्राट यंत्र आहे. सुमारे 27 मीटर उंचीच्या या सूर्यघटीच्या सावलीवरून स्थानिक वेळ दोन सेकंदांपर्यंत वाचता येते. काळाचा इतका काटेकोर हिशेब जेथे मांडला गेला, त्या नगरातही एका प्रसंगी वेळ फार सढळ हाताने खर्च होते. दिवस भरत आलेल्या स्त्रीला रात्री एकाएकी जाणवते, की बाळ आज नेहमीसारखे हलत नाही, आणि घरातील मंडळी म्हणतात, "सकाळपर्यंत वाट पाहू."

हा प्रसंग जयपुरातच घडतो असे नाही. तो पुण्यात घडतो, नागपुरात घडतो, खेड्यापाड्यांतही घडतो. परंतु लग्नामुळे किंवा नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या सुनेची अडचण थोडी अधिक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जावयाचे, ही आपली जुनी रीत. ती साधली नाही, तर आई दूरध्वनीवरच भेटते. "अगं, शेवटी शेवटी पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होतं," असे ती समजावते. या बोलण्यात माया असते. पण ते खरे नाही. अखेरच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलू शकतो. लाथेऐवजी कूस बदलल्यासारखे किंवा सरकल्यासारखे वाटते. हालचालींची संख्या मात्र प्रसूतीच्या वेळेपर्यंत घटता कामा नये.

पोटातील बाळ आपल्या परीने बोलते, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवतीला दोन हृदयांची, 'दौहृदिनी' म्हणावे, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. तिच्या इच्छा म्हणजे बाळाच्याच इच्छा, असे मानून आपण हौसेने डोहाळे पुरवितो. आवळ्याचा किंवा चिंचेचा हट्ट घरभर ऐकला जातो. मग त्याच बाळाची हालचाल मंदावल्याचे आई सांगते, तेव्हा ते ऐकण्यात उशीर का व्हावा?

बाळाची पहिली चाहूल साधारणपणे 16 ते 20 आठवड्यांच्या दरम्यान लागते; पहिलटकरणीला ती थोडी उशिराही लागते. पुढे 28 आठवड्यांच्या सुमारास प्रत्येक बाळाचा आपला असा क्रम बसतो. एखादे संध्याकाळी खेळते, एखादे आई आडवी झाली की जागे होते. बाळ झोपतेही, परंतु ही झोप बहुधा 20 ते 40 मिनिटांची असते, दीड तासापलीकडे क्वचितच जाते. म्हणून "झोपलं असेल" हे समाधान रात्रभर पुरणारे नव्हे.

हालचाल मंदावण्याचे कारण पुष्कळदा साधे असते. आई कामाच्या धांदलीत असते, किंवा एखाद्या गुंगी आणणाऱ्या औषधाचा परिणाम असतो. परंतु कधी कधी वारेतून बाळाला प्राणवायू आणि पोषण कमी मिळू लागते. अशा वेळी बाळ मेंदू आणि हृदय यांच्यासाठी शक्ती राखून ठेवते आणि हातपाय हलविणे कमी करते. ही त्याची काटकसर संकटातील असते, आणि तिची पहिली खबर आईलाच लागते.

मग करावे काय? हालचाल थांबली किंवा स्पष्टपणे कमी झाली असे वाटले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मन साशंक असेल, तर डाव्या कुशीवर शांतपणे पडून दोन तास लक्ष द्यावे. तेवढ्यात निरनिराळ्या दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर निघावे. सरबत पाजून पुन्हा वाट पाहण्यात वेळ दवडू नये. घरच्या यंत्रावर ठोके ऐकून निश्चिंतही होऊ नये. ठोके ऐकू येत असतानाही बाळ संकटात असू शकते.

जयपुरात चांदपोलचे जनाना रुग्णालय आणि सांगानेरी दरवाजाजवळचे महिला चिकित्सालय ही सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेली मोठी प्रसूती रुग्णालये आहेत. तेथे किंवा जवळच्या अन्य प्रसूती रुग्णालयात पोहोचताच "बच्चे का हिलना कम हो गया है" एवढे एक वाक्य प्रथम सांगावे. बाळाच्या हृदयाचे ठोके तपासतात, सुमारे 20 मिनिटे त्यांचा आलेख काढतात. आईचा रक्तदाब व गर्भाची वाढ पाहतात आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करतात. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार गर्भवतीला शासकीय रुग्णालयात उपचार, तपासण्या आणि तेथवरचे वाहन विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा खर्चाच्या धास्तीने पाऊल अडू नये.

हालचाली मोजणे हा काही तोडगा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक प्रसूतींचा एक मोठा अभ्यास झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांना हालचालींविषयी जागरूक करणे आणि तक्रार येताच ठराविक उपचार करणे, एवढ्याने मृतजन्म निश्चितपणे घटल्याचे त्यात सिद्ध झाले नाही. प्रत्येक बाळ वाचेल, असे वचन म्हणूनच कोणी देऊ नये. आणि एखाद्या दुर्दैवी मातेला "तू मोजलं नाहीस" असा बोलही कोणी लावू नये. पण तपासणी झाल्याखेरीज धोका आहे की नाही हे कळत नाही, आणि ती तपासणी आईने तोंड उघडल्याखेरीज होत नाही.

एकदाच अशी शंका आलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे 70 जणींची गर्भावस्था पुढे सुरळीत पार पडते. पुष्कळ जणी "सारे ठीक आहे" एवढे ऐकून घरी परततात. ही फेरी फुकट गेली असे सासूने म्हणू नये, आणि सुनेनेही संकोचू नये. चार दिवसांनी पुन्हा शंका आली, तर पुन्हा जावे. मध्यरात्र असली तरी जावे. रुग्णालयाचा प्रसूतीकक्ष रात्रीही उघडा असतो, तो याचसाठी.