माळवदापासून स्लॅबपर्यंत : आपल्या घरातील ऊन आणि वीज

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टची स्थापना झाली, तेव्हा सोलापुरातील आपल्यापैकी अनेकांची घरे माळवदाची होती. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती ही उष्णतेची मंद वाहक. दुपारचे ऊन त्या थरातून आत उतरेपर्यंत सूर्य मावळतीला आलेला असे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला तरी माजघरात शांत झोप लागे. पावसाळ्यात माळवद गळे, दरवर्षी माती घालावी लागे, हेही खरेच.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. त्या धसक्याने आमच्या वडिलांनी वाड्याचा मागील भाग उतरवला आणि सिमेंटचा स्लॅब टाकला. त्यांचा निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. परंतु सुरक्षिततेबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली, ती म्हणजे रात्रीचे ऊन. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खाली सोडतो. वडील भिंतीला हात लावून म्हणत, “घर भक्कम झाले, पण त्याला झोप येत नाही.”

वयाच्या शेवटच्या टप्प्यात एका मे महिन्यात ते रात्री उठताना भोवळ येऊन पडले. उकाड्याने शरीरातील पाणी कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही तत्काळ वातानुकूलन यंत्र बसवले. वडिलांना आराम पडला. मात्र यंत्राचे बाहेरचे तोंड बोळाकडे होते आणि समोर एका वृद्ध काकूंची खिडकी होती. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ऐन उन्हाळ्यात खिडकी लावून घेतली. ती बंद खिडकी पाहून मी ओशाळलो. आमच्या खोलीतील उष्णता नाहीशी झाली नव्हती, ती केवळ काकूंच्या दारी गेली होती. अहिंसेचा विचार लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे आधीच सुचावयास हवे होते.

त्यानंतर आम्ही यंत्राची जागा बदलली आणि छताकडे लक्ष दिले. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर दिला, पश्चिमेच्या खिडकीवर वाळ्याचा पडदा लावला. पांढरा रंग ऊन परत फेकतो, एवढे साधे शास्त्र त्यामागे आहे. २०१० सालच्या तीव्र उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे तेथेही गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा उपाय हाती घेण्यात आला.

आता विजेचा हिशेब पाहू. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटचा. दीड टनी वातानुकूलन यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सुमारे दीड युनिट घेते; तेवढ्यात जुना पंखा वीस तास फिरतो. पंधरा लिटरची एक बादली २० अंशांनी तापवण्यास सुमारे एक तृतीयांश युनिट लागते. पाच माणसांच्या घरात महिन्याला ही पन्नासएक युनिटे होतात, आणि सोलापूरचे ऊन हे काम विनामूल्य करू शकते.

ही वीज येते कोठून? आपल्या जिल्ह्यातच, फताटेवाडीजवळ १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. ते कोळशावर चालते आणि त्याला पाणी उजनी धरणातून मिळते. त्याच उजनीचे पाणी आपल्या नळालाही येते. बटण आणि नळ यांचे नाते असे जवळचे आहे.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील ३ किलोवॉटच्या सौर संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. एक किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिटे देतो, शिवाय त्याच्या सावलीने स्लॅबही कमी तापतो. तथापि क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऊन घराबाहेर अडवावे, मग पंख्याने भागवावे, त्यानंतरही गरज उरेल तेथेच यंत्र लावावे. छतावर वीज निर्माण होते म्हणून उधळपट्टी करणे हे काही अपरिग्रहाचे लक्षण नव्हे.

माझी आपणा सर्वांना दोनच विनंत्या आहेत. येत्या उन्हाळ्यापूर्वी घरातील ज्येष्ठ मंडळी ज्या खोलीत झोपतात, तेथे आपण स्वतः एक रात्र झोपून पाहावे. आणि समाजातील ज्या कुटुंबांच्या डोक्यावर पत्रा आहे, त्यांची छते पांढरी करून देण्याचे कार्य ट्रस्टने सुवर्णमहोत्सवी वर्षात हाती घ्यावे. खर्च चुन्याचा आणि श्रम तरुणांचे.

वडील आज नाहीत. गच्ची मात्र दर चैत्रात पांढरी होते, आणि काकूंची खिडकी पुन्हा उघडी असते.