बागेतला रात्रीचा पाहुणा आणि एक कॅमेरा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील ‘सभासदांचे छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि वर दम दिलाय, “काका, मेगापिक्सलचं पुराण लावू नका.” थोडं लावावंच लागेल, कारण माझे पैसे त्यातच फुकट जाता जाता वाचले.

गेल्या वर्षीची चिकूची भानगड आपल्या सगळ्यांना आठवत असेल. मागच्या बागेतले चिकू पिकायला आले की सकाळी नाहीसे. पपयांचंही तेच. जनरल बॉडीत विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, “रात्रभर खाली जागं कोण असतं, ते बघा म्हणजे झालं.” नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. मीही त्या सभेत होतो आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी वॉचमनकाका मला म्हणाले, “साहेब, महिना भरला की गावी जातो.” अठरा वर्षं ज्या माणसाच्या हातात आपण घराच्या किल्ल्या दिल्या, त्याच्यावर चार चिकूंचा आळ! मला दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून मी ट्रेल कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

हा कॅमेरा झाडाला बांधून ठेवायचा असतो. समोरून ऊब असलेली हालचाल झाली की त्यातला सेन्सर जागा होतो आणि फोटो किंवा व्हिडिओ निघतो. एरवी तो झोपलेला असतो, म्हणून सेलवर कित्येक आठवडे चालतो. वाघ मोजायलाही हेच तंत्र वापरतात. २०१८-१९च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. आपल्याला एकच पुरणार होता.

दुकानात गेलो तर खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा मेगापिक्सलचा. मी भुलणारच होतो. पण भाच्याने सांगितलं, “मामा, पुष्कळदा आतला सेन्सर लहानच असतो, फोटो नुसता ताणून मोठा करतात. त्यापेक्षा कुणाचे तरी रात्री काढलेले फोटो बघायला माग.” हा सल्ला लाखमोलाचा. खोक्यावरचा आकडा सोडा, रात्रीचा नमुना बघा.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. रात्री हा कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो आणि फोटो काळा-पांढरा येतो. दिव्यांचे दोन प्रकार. ८५० नॅनोमीटरवाले लांबवर उजेड टाकतात, पण ते लागले की बारीक लालसर ठिपके दिसतात. ९४०वाले डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र उजेड कमी पोचतो आणि फोटो थोडा दाणेदार येतो. आपली बाग केवढी? भिंतीपासून चिकूपर्यंत पंधरा-वीस पावलं. शिवाय लाल ठिपके बघून मुलं रात्री खाली धावली असती. मी ९४०वाला घेतला.

तिसरी गोष्ट वेग. प्राणी समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत एक सेकंद गेला तर हाती नुसती शेपटी लागते. अर्ध्या सेकंदाच्या आतला बघा. आणि चौथी, जी मला कुणीच सांगितली नव्हती : बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो. पाच-सहा फुटांपेक्षा जवळ आलेला प्राणी धूसर दिसतो, वर उजेडाने पांढराफटक होतो. छोट्या बागेत कॅमेरा जरा लांब बांधावा.

सिमकार्डवाला घेऊ नका, महिन्याचा खर्च मागे लागतो. रोज सकाळी दूध आणायला जाताना कार्ड काढून बघायचं, त्यात मजा आहे. सेल मात्र चांगले घाला. पावसाळ्यासाठी झाकणाचं रबर घट्ट बसतंय ना ते पाहा आणि मुंग्यांवर लक्ष ठेवा. माझ्या कॅमेऱ्यात त्यांनी संसार थाटला होता.

एवढं करूनही पहिल्या रात्री काय मिळालं? चारशे बारा फोटो! सगळे बोगनवेलीच्या हलत्या फांदीचे, उगवत्या सूर्याचे आणि माझ्या पायजम्याचे. कॅमेरा पूर्वेला तोंड करून छातीच्या उंचीवर बांधला होता. मग फांदी छाटली, तोंड उत्तरेला केलं, उंची गुडघ्याइतकी. चौथ्या रात्री, दोन वाजून सतरा मिनिटांनी, कंपाउंडच्या भिंतीवरून स्वारी उतरली. लांब शेपूट, काळसर तोंड, डोळ्यांखाली पांढरे डाग. उदमांजर! आपल्याकडे कुणी कांडेचोर म्हणतं, कुणी मसण्याऊद. पुढच्या चित्रात तोंडात चिकू.

मी धावत गेटवर गेलो आणि वॉचमनकाकांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, हा तर रोज येतो. मी तेव्हाच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.”

मंडळी, साडेसहा हजारांचा कॅमेरा घेऊन मी जे शोधलं, ते विचारलं असतं तर फुकट कळलं असतं. झाडूवाल्या मावशींनाही आपण विचारलं नव्हतं. अर्धवट खाल्लेली फळं आणि बियांनी भरलेली विष्ठा त्या रोज पहाटे केरात भरत होत्या. पुढच्या सभेत व्हिडिओ दाखवला, कमिटीने काकांची माफी मागितली, मीही मागितली. काका राहिले. आत्ताही ते गेटवर आहेत, म्हणून इथे समोर नाहीत.

आता ज्यांना कॅमेरा घ्यायचाय त्यांच्यासाठी दोन शब्द. कमिटीची लेखी परवानगी घ्या. तोंड जमिनीकडे ठेवा, कुणाच्या खिडकीकडे किंवा जिन्याकडे नको. शेजारी पाटी लावा. माणसाचा फोटो आला तर पुसून टाका, कोण किती वाजता आलं याची चर्चा ग्रुपवर नको! प्राण्याला बोलावण्यासाठी खाणं ठेवू नका. पिंजरा तर मुळीच लावू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे. अडकलेला किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि हो, तो उंदीरही खातो, बिया लांब नेऊन टाकतो. चार चिकू त्याची मजुरी समजा.

बालमित्रांनो, दर रविवारी सकाळी दहा वाजता माझ्याकडे या, कार्ड आपण मिळून बघू. गेल्या आठवड्यात मुंगूस आणि एक घुबड आलं होतं. येताना गेटवर थांबून काकांना आधी विचारा, रात्री काय काय दिसलं. मग कार्ड लावू.

सचिवसाहेब घड्याळ दाखवताहेत. सोसायटीला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.