म्हैसूरचा वळीव

महाराष्ट्रातील श्रोत्यांस वळीव ठाऊक आहे तो पावसाळ्याचा अग्रदूत म्हणून. म्हैसूरास मात्र तोच वर्षातील एक मुख्य पाऊस होय. सुमारे ७७० मीटर उंचीवरील हे नगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक जल कोडगूच्या डोंगरांवरच रिते करतात. म्हणून येथे जूनपेक्षा मे महिन्यात अधिक पाऊस पडतो.

एप्रिलात दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या भूमीवरील दमट हवा उंच चढते, तिचे मेघ होतात, आणि सायंकाळी देवराज मोहल्ल्यातील जुन्या बाजारावर विजांसह सर कोसळते. घटकाभरात हवा गार होते. पण मोगऱ्याच्या टोपल्या भिजल्या की फुलवाल्याची कमाई बुडालीच! कोडगूतील कॉफीचा मळेवाला मात्र मार्च-एप्रिलच्या याच सरींची वाट पाहत असतो. त्या चुकल्या, तर कॉफीची कळी नीट उमलत नाही.