लेविटान यांचा 'सोनेरी शरद'



बाप्पाच्या मंडपात रशियन चित्र कशाला, असं काहींना वाटेल. पण आमच्या चित्रकला वर्गाने यंदा एकाच चित्रावर बोलायचं ठरवलं. आयझॅक लेविटान यांचं 'सोनेरी शरद', तैलरंग, साल १८९५. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात आहे. सव्वा मीटर रुंद.

आधी एक खुलासा. शरद म्हटलं की आपल्याला आश्विनातलं धुतलेलं आकाश नि कोजागरीचं चांदणं आठवतं. आपली पानगळ शिशिरातली. रशियात मात्र शरदातच पानं पिवळी पडून गळतात आणि पाठोपाठ बर्फ येतं. तेव्हा चित्रातलं हे सोनं चार दिवसांचं आहे.

मंचाशेजारी लावलेली प्रत पाहा. डावीकडे पिवळीधमक बर्च झाडं, मधून वळण घेणारी नदी, लांबवर शेतं आणि चिमुकली घरं. माणूस एकही नाही. नदीवर बोट ठेवून ती झाका. झाडांचा पिवळा लगेच मंदावतो. गडद निळ्याशेजारी असल्यामुळेच तो पेटलेला दिसतो. पुढच्या झुडपांत एकेक पान रेखलेलं नाही, रंगाचे नुसते फटकारे आहेत. चार पावलं मागे सरकलं की त्यांचीच पानं होतात.

आता चित्रकाराविषयी. लेविटान १८६० साली आजच्या लिथुआनियात एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मले. शिकत असतानाच आईवडील गेले. १८७९ मध्ये ज्यूंना मॉस्कोतून बाहेर काढलं, त्यात त्यांनाही जावं लागलं. १८९२ मध्ये, नावाजलेले चित्रकार असतानाही, पुन्हा तेच. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी हे चित्र काढलं. पुढच्या वर्षी पावेल त्रेत्याकोव्ह यांनी ते विकत घेतलं. वयाची चाळिशी गाठण्याआधीच लेविटान गेले. ज्याला राजधानीसारख्या शहरात राहू दिलं नाही, त्याच माणसाची चित्रं आज रशियन भूमीची ओळख मानली जातात.

आपल्याला कुणी हाकललेलं नाही. तुलना तेवढीच ताणावी. पण पिढ्या माळव्यात गेल्या तरी 'मूळ गाव कुठलं?' हा प्रश्न आपल्याला सुटत नाही, आणि उत्तरात नर्मदेपलीकडचं नाव येतं. आम्हाला वाटतं, जमीन आपली होते ती तिच्याकडे नीट पाहिल्याने. इंदुरातच जन्मलेल्या ना. श्री. बेंद्रे यांनीही निसर्गचित्रांत नाव कमावलं.

आणि आपली मुलं? मंडळाच्या चित्रकला स्पर्धेत दरवर्षी दोन डोंगर, मधे सूर्य, बाजूला नारळाचं झाड. इंदुरात नारळाचं झाड किती मुलांच्या दारात आहे? म्हणून आमची कार्यकारिणीला विनंती आहे : यंदा मुलांना सभागृहात बसवू नका. आवारातल्या कडुनिंबाखाली बसवा आणि जे दिसतं तेच काढू द्या. पालकांनी मात्र हात लावायचा नाही!

गणपती बाप्पा मोरया.