कोयत्यात हरपलेली कामगार



स्त्रियांच्या नोकरीचा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कचेऱ्या, बँका आणि शाळा उभ्या राहतात. तेथील विषमता खरीच आहे. परंतु आज मी ज्या स्त्रीविषयी बोलणार आहे, तिला कामाची वानवा कधीच नव्हती. वानवा आहे ती कामगार म्हणून मोजले जाण्याची.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावे ओस पडू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती माणशी नव्हे, कोयत्यामागे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा अर्धा कोयता. दोन जिवंत माणसांचे मिळून एक अवजार झाले! पुरुष ऊस तोडतो. स्त्री मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, ट्रक भरू लागते. फडावर जाण्यापूर्वीची चूल आणि परतल्यावरची मुले तिचीच. हिशेब मात्र टनावर होतो, आणि तो नवऱ्याच्या नावे.

जिचे नाव हिशेबात नाही, तिच्या शरीराची पर्वा कोण करणार? पाळी असो वा आजारपण, काम चुकले की खाडा, म्हणजे दंड. फडावर ना आडोसा, ना पुरेसे पाणी. याची परिणती २०१९ साली उघड झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक! अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

कोणी म्हणेल, पैसा एकाच घरात जातो. नाव कोणाचे का असेना. मग नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा झालेल्या स्त्रीकडे पाहा. तिच्या नावावर वर्षानुवर्षांच्या श्रमाची एकही नोंद नसते. नवऱ्याने घेतलेली उचल फेडण्याचा तगादा मात्र तिच्याच दारी येतो.

याच महाराष्ट्राने दुसरा मार्गही दाखविला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांच्या हजेरीपटावर स्त्रीचे स्वतःचे नाव लागले आणि दर स्त्री-पुरुषांस एकच ठरला. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. आता ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले आहे. पण जिथे स्त्रीचे वेतनच वेगळे नाही, तिथे ते कशाशी समान करावयाचे? कारखाना म्हणतो, मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कोयत्याला ओळखतो. या दोघांच्या मधल्या फटीत कायदा गडप होतो.

म्हणून टनाचा दर वाढवून मागताना आपण तेवढ्यावर थांबता कामा नये. वाढलेला दरही त्याच एका हातात पडतो. उचलीच्या करारात स्त्रीचे स्वतंत्र नाव, मजुरीचा निम्मा वाटा तिच्या खात्यात, आजारपणात व बाळंतपणात खाड्याला बंदी, आणि या साऱ्याची जबाबदारी कारखान्यावर: या मागण्या दरवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडल्या पाहिजेत. उचल वाटली जाते ती हंगामापूर्वी, गावातच. आपले काम तिथून सुरू व्हावे. कार्यकर्त्याने वस्तीवर जाऊन घरातील किती कोयते निघाले हे विचारू नये. किती कामगार निघाले, हे विचारावे, आणि त्या स्त्रीचे नाव प्रथम लिहून घ्यावे.