दुखणे बरे झाल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता बोलवावा, अशी आपल्याकडची चाल. यंदा ती मोडून कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी डॉक्टर नव्हे की विदुषी नव्हे. मंडळाच्या पापड-लोणच्यांचा हिशेब ठेवणारी मी एक बाई. पण माझ्या स्वतःच्या हिशेबात एक खोटी नोंद राहून गेली आहे. आधी ती दुरुस्त करते, मग विषयाकडे वळते.

१९९२ साली माझी मुलगी चार वर्षांची असताना फार आजारी पडली. मुंबईला बरेच महिने राहावे लागले. परत आल्यावर तिच्या डोक्यावर केस नव्हते. तुम्ही विचारलेत, तेव्हा मी ‘कावीळ उलटली होती’ असे सांगितले. तुम्ही विश्वास ठेवलात. कोणी उसाचा रस आणलात, कोणी मुळ्याची भाजी. भगिनींनो, ती कावीळ नव्हती. तो रक्ताचा कर्करोग होता, ज्याला ल्युकेमिया म्हणतात. ‘मुलीची जात, उद्या लग्न कसे होईल?’ या भयाने मी खोटे बोलले. आज हे मी तिच्या परवानगीने सांगते आहे.

मुलांना जे कर्करोग होतात, त्यांत ल्युकेमियाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. हाडांच्या मगजात अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. एके काळी हे दुखणे म्हणजे काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा सोबती असे. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी एका औषधाने काही मुलांचे दुखणे थोडा काळ थोपवून दाखवले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाची सूत्रे आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली. आज संपन्न देशांत दहांपैकी जवळजवळ नऊ मुले वाचतात आणि आपल्याकडेही पुष्कळ मुले बरी होतात.

आमचीही बरी झाली. उपचार संपले त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली आणि फाईल ट्रंकेत, शालूच्या खाली. मला वाटले, प्रकरण मिटले. तिथेच माझी चूक झाली.

उपचार म्हणजे शेतातले तण जाळण्यासारखे. तण जळते, पण आजूबाजूच्या जमिनीलाही झळ लागते. ल्युकेमियाच्या पेशी मेंदूभोवती दडून बसतात आणि रक्तातली औषधे तिथे नीट पोचत नाहीत. म्हणून त्या काळी पुष्कळ मुलांच्या डोक्याला किरणे देत. मुलीलाही दिली. त्यांनी जीव वाचला, हे आधी ध्यानात ठेवा. पण मेंदूच्या तळाशी भूक आणि तृप्ती सांभाळणारे केंद्र असते, शेजारी पीयूषिका ग्रंथी असते. पोट भरल्याची, अंगात साठा पुरेसा असल्याची वर्दी या केंद्राला मिळते. किरणांनी ते दुखावले की वर्दी येते, पण ती ऐकणारे कोणी नसते. पीयूषिका ग्रंथीतून येणारे वाढीचे संप्रेरकही कमी पडते. ते केवळ उंचीसाठी नसते. मोठेपणीही स्नायू टिकवणे आणि चरबी वापरणे हे त्याचे काम असते.

औषधांचेही तसेच. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक खवळते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. काही औषधे पायांच्या नसा दुबळ्या करतात, मग मूल धावत नाही. आणखी काही हृदयाच्या स्नायूला दुखावतात. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. तेच रोडावले की साखर रक्तात राहते, पोटाभोवती चरबी बसते, रक्तदाब चढतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीत आपल्याला गाठणारी दुखणी या मुलांना पंचविशी-तिशीतच गाठू शकतात.

प्रत्येकाला हे होते असे मुळीच नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. चार वर्षांच्या आत डोक्याला जास्त किरणे मिळालेल्या मुलींत लठ्ठपणा विशेष आढळला. आता बहुतेक मुलांना डोक्याची किरणे द्यावी लागत नाहीत, पाठीच्या कण्यातून औषध देऊन काम भागते. तेव्हा आज कोणाच्या घरी उपचार चालू असतील, तर हे ऐकून ते थांबवू नका. आधी जीव वाचू द्या, बाकीचे सांभाळता येते.

आता आमच्या घरी काय झाले ते ऐका. पोर अशक्त झाली म्हणून मी तिला तूप, लाडू, शिरा भरवला. शाळेत चिठ्ठी दिली की हिला खेळायला लावू नये. ती जाड होऊ लागली, तेव्हा मीच तिला खादाड म्हटले, आळशी म्हटले. जे दुखण्याने केले, त्याचा दोष मी लेकराला दिला. ते शब्द आज माझे मलाच टोचतात.

लग्न झाले. २०१७ साली, एकोणतिसाव्या वर्षी, तिच्या पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी साखर तपासली, ती फार निघाली. त्यांनी विचारले, ‘लहानपणी काही मोठे दुखणे?’ मी शेजारी बसले होते. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, ‘कावीळ.’

त्या एका शब्दाने दोन वर्षे गेली. जेवण तोडले, गोळ्या वाढवल्या, तरी गुण येईना. २०१९ च्या दिवाळीच्या आवराआवरीत तिच्या हाती फाईल लागली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘आई, दुखणे माझे आणि कागद तुझ्या ट्रंकेत?’ दुसऱ्या दिवशी ती फाईल घेऊन डॉक्टरांकडे गेली. मग योग्य त्या तपासण्या झाल्या, संप्रेरकांची उणीव सापडली, हृदयाची तपासणी झाली. तिने सासरीही सांगितले. विहीणबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी फोन आला, ‘पुढच्या तपासणीला मी बरोबर जाईन.’ आज तिची साखर आटोक्यात आहे.

ज्यांच्या घरी असे बरे झालेले मूल आहे, त्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. उपचार संपताना कोणती औषधे एकूण किती दिली, किरणे कुठे आणि किती दिली, याचा लेखी गोषवारा मागून घ्या. मूल जाणते झाले की तो कागद त्याच्या हाती द्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तर उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ सालापासून स्वतंत्र तपासणी विभाग आहे. वर्षातून एकदा वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातील चरबी पाहून घ्यावी. हृदय, हाडे आणि संप्रेरके डॉक्टर सांगतील तेव्हा. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरपुढे गेली की सावध व्हावे.

घरात त्या मुलासाठी वेगळे शिजवू नका. डाळ, उसळ, भाकरी, पालेभाजी सर्वांनीच खावी, गोड सणापुरते ठेवावे. डॉक्टरांना विचारून मुलाला खेळू द्या, पळू द्या. मिश्री-तंबाखूचा वारा लागू देऊ नका. आणि त्याला कधीही खादाड म्हणू नका.

शेजारणींनाही एक विनंती. हे दुखणे शिवल्याने होत नाही, आणि आईला किंवा बापाला झाले म्हणून सहसा मुलांत उतरत नाही. सोयरीक जुळवताना असे काही कानी आले, तर नाक मुरडू नका. तुम्ही नाक मुरडाल, या भीतीनेच माझ्यासारख्या आया फायली ट्रंकेत लपवतात.

मंडळाच्या व्यायामवर्गात माझी मुलगी येत्या सोमवारपासून येणार आहे. दुखण्याचे नाव तिला विचारलेत तरी चालेल, ती स्वतः सांगेल. उसाचा रस मात्र आता आणू नका.