मानेचे स्नायू आणि पाठीवरचे पोते



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. जू वाहून निबर झालेला खांदा तूप-हळद लावून चोळतो. एरवीही बैलाचा खांदा सुजला, तर त्याला जुंपत नाही. पण स्वतःची मान धरली तर? बाम चोळायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोते उचलायचे!

आता जरा हात मागे न्या आणि मान व खांदा यांच्या मधला मांसल भाग चिमटीत धरा. हा ट्रॅपिझियस नावाचा स्नायू. केवढा पसरलाय बघा. कवटीच्या मागच्या हाडापासून निघतो, मणक्यांच्या रांगेने पार पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत उतरतो आणि बाजूला खांद्याच्या फऱ्याला व गळ्याखालच्या हाडाला धरतो. डावा-उजवा मिळून पतंगासारखा आकार होतो. वरचा भाग खांदा उचलतो, मधला फरा मागे ओढतो, खालचा खाली खेचतो. वरचा आणि खालचा मिळून फरा फिरवतात, म्हणून तर गंजीवर पेंढी फेकायला हात डोक्याच्या वर जातो. त्याच्या पोटात आणखी एक पट्टी आहे, मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून फऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत. खुरपून आल्यावर ठणकते ती बहुधा हीच.

आपले डोके साडेचार-पाच किलोचे. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोलले जाते. कांदा लावताना तासन्‌तास मान खाली राहिली, की हेच वजन स्नायूंना धरून ठेवावे लागते. सतत ताणलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, मग तो दुखतो, आखडतो. हे काम बहुतेक आमच्या भगिनीच करतात. तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या मालकानेही हे ऐकावे, बरं का. अर्ध्या तासाने उठावे, खांदे कानापर्यंत उचलून सैल सोडावेत, दहा वेळा. त्यात मजुरी बुडत नाही.

आता पोत्याचे. पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आपला माल उतरतो तो हमालाच्या पाठीवर. पूर्वी शंभर किलोचे पोते असे. बाबा आढाव यांनी 1955 साली उभी केलेली हमाल पंचायत ते पन्नास किलोवर यावे म्हणून वर्षानुवर्षे झगडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही 1967 साली प्रौढ पुरुषाला 55 किलोची मर्यादा सुचवली होती. पण पोते भरतो कोण? आपणच ना! बारदान वाचवायला ठासून भरलेले पोते आधी आपल्याच पोराच्या मानेवर चढते, मग हमालाच्या. म्हणून पन्नासच्या आत भरा. उचलताना दोघे लागा. पोते मानेच्या मणक्यावर न ठेवता पाठीच्या वरच्या रुंद भागावर घ्या.

मान आखडली तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका, ओझे दोन-चार दिवस बंद ठेवा, मान हळूहळू हलवत राहा. कुणाकडूनही झटका देऊन मान मोडून घेऊ नका. गळ्यातला पट्टाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने बांधू नका, त्याने स्नायू दुबळे होतात. आणि हाताला मुंग्या येऊ लागल्या, मुठीतून विळा निसटू लागला किंवा चालताना पाय लटपटले, तर ती नुसती उसण नव्हे. मग सुगी चालू असली तरी थांबू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा.